घरच्या बागेत अनीसची लागवड: पेरणीच्या तयारीपासून दाण्यांच्या साठवणीपर्यंत

अनीस, म्हणजे ज्याला आपण विलायती बडीशेप म्हणतो, ते घरच्या बागेत लावून पाहणाऱ्यांच्या तक्रारी बहुधा तीनच असतात. बी उगवलेच नाही. उगवले, पण रोपे वीतभर होऊन तिथेच थांबली. किंवा झाडे छान वाढली, फुलली आणि दाणे भरायच्या वेळीच वाळून गेली. या तक्रारींचे मूळ शोधत मागे गेले की आपण जवळजवळ प्रत्येक वेळी पेरणीच्या दिवसापाशी येऊन थांबतो. चुकीचे किंवा जुने बी, चुकीचा हंगाम आणि रोप नंतर हलवावे लागेल अशी जागा, या तिन्ही चुका त्या एकाच दिवशी होतात आणि पुढे कितीही खत-पाणी दिले तरी भरून निघत नाहीत.

म्हणून या लेखात पेरणीपूर्वीच्या कामांना जास्त जागा दिली आहे. पहिले तीन टप्पे माती भिजवण्याच्याही आधीचे आहेत आणि घाईत नेमके तेच गाळले जातात. दिलेला क्रम मोडू नये, कारण यातील बहुतेक कामांना मागे जाऊन दुरुस्त करण्याची सोय नाही.

टप्पा १: हातातले बी अनीसचेच आहे याची खात्री करणे

अनीस, बडीशेप आणि शेपू ही तिन्ही झाडे गाजराच्या कुळातली आहेत, त्यांचा फुलोरा छत्रीसारखा असतो आणि त्यांच्या दाण्यांची नावे बोलताना सर्रास एकमेकांत मिसळतात. चक्रीफुलाचा वास अनीससारखा येतो, कारण अनेथोल हे सुगंधी द्रव्य दोन्हींत असते. परंतु चक्रीफूल हे वेगळ्याच कुळातील एका सदाहरित वृक्षाचे फळ आहे आणि त्याचा या लागवडीशी काहीही संबंध नाही. बडीशेप डोक्याएवढी उंच होते, तिला पिवळी फुले येतात आणि ती अनेक वर्षे जगू शकते. अनीस एका हंगामात आयुष्य पूर्ण करते, साधारण ४५ ते ६० सेंटिमीटर वाढते आणि तिची फुले पांढरी असतात. बडीशेपेचे बी अनीस समजून पेरले तर चूक लक्षात यायला फुले येईपर्यंत थांबावे लागते, आणि तोवर हंगाम निघून गेलेला असतो.

पांढऱ्या कागदावर दहा-बारा दाणे घेऊन ते उजेडात, शक्य असल्यास भिंगाखाली पाहावेत. अनीसचा दाणा ३ ते ५ मिलिमीटरचा, बुडाशी फुगीर आणि टोकाकडे निमुळता असतो. रंग राखाडीकडे झुकणारा हिरवट किंवा तपकिरी असतो. त्याच्या अंगावर अगदी आखूड लव असते, त्यामुळे दोन बोटांत चोळल्यास तो किंचित खरखरीत लागतो, आणि पुष्कळ दाण्यांना केसासारखा बारीक देठ चिकटलेला दिसतो. बडीशेपेचा दाणा लांबट व गुळगुळीत असतो आणि त्याच्या शिरा ठळक दिसतात. शेपूचा दाणा चपटा असून त्याच्या कडेला पातळ किनार असते.

आपण ज्याला बी म्हणतो ते खरे तर फळ आहे आणि ते दोन अर्धांचे बनलेले असते. प्रत्येक अर्धात एक बी असल्यामुळे एका दाण्यातून कधीकधी दोन रोपे जोडीने वर येतात. ही गोष्ट विरळणीच्या, म्हणजे दाट रोपे कमी करण्याच्या वेळी उपयोगी पडेल.

इशारा: रानातून किंवा पडीक जागेतून गोळा केलेले, ओळख न पटलेले दाणे कधीही पेरू नयेत. याच कुळातील हेमलॉक ही वनस्पती अत्यंत विषारी आहे आणि तिची फळे पहिल्या नजरेला अनीससारखीच दिसतात. तिच्या फळांवर लव नसते आणि खोडावर जांभळट ठिपके असतात. परंतु अशा खुणांवर विसंबून धोका पत्करण्यापेक्षा लेबल लावलेले, लागवडीसाठी विकले जाणारे बीच घ्यावे.

टप्पा २: उगवणीची चाचणी

अनीसच्या बियांची उगवणशक्ती लवकर कमी होते. मागच्या हंगामातले बी सर्वांत चांगले. दोन वर्षांपर्यंत ते बऱ्यापैकी चालते, त्यापुढे भरवसा ठेवू नये. मसाल्याच्या बरणीतले दाणे पेरून पाहण्याचा मोह अनेकांना होतो. ते उगवतातही, पण ते किती जुने आहेत हे कळत नाही आणि मसाल्यासाठी विकले जाणारे दाणे काही वेळा जंतुनाशासाठी उष्णतेतून काढलेले असतात. म्हणून चाचणीशिवाय ते वाफ्यात टाकू नयेत.

चाचणी सोपी आहे. जाड टिपकागद किंवा सुती कापड ओले करून पिळावे, त्यावर मोजून २० दाणे अंतराअंतरावर मांडावेत, गुंडाळी करून ती सैल तोंडाच्या डब्यात ठेवावी आणि डबा साधारण २० अंश सेल्सिअस तापमानाच्या जागी ठेवावा. कापड वाळू द्यायचे नाही, पण पाणी साचूही द्यायचे नाही. आठव्या दिवसापासून रोज पाहावे आणि विसाव्या दिवशी शेवटची मोजणी करावी. १४ किंवा अधिक दाण्यांना मोड आले तर बी उत्तम आहे. ८ ते १३ आले तर दुप्पट दाट पेरावे. त्याहून कमी असतील तर ते बी बाजूला ठेवून नवे आणावे, कारण अशा बियांची जी रोपे येतात तीही बहुधा अशक्त असतात.

या चाचणीला तीन आठवडे लागतात. म्हणूनच ती पेरणीच्या तारखेच्या किमान महिनाभर आधी करायची असते. पेरणीच्या आदल्या दिवशी बियांचे पाकीट उघडणाऱ्याला हे शक्य होत नाही.

टप्पा ३: पेरणीची तारीख, उलट मोजून

बहुतेक जण पेरणीची तारीख ‘आत्ता थंडी सुरू झाली’ किंवा ‘आत्ता ऊन पडू लागले’ अशी समोरच्या हवामानावरून ठरवतात. अनीसच्या बाबतीत तारीख शेवटाकडून मोजावी लागते. पेरणीपासून दाणे पिकेपर्यंत साधारण चार महिने, म्हणजे १२० दिवस किंवा थोडे अधिक लागतात. उगवणीला दोन ते तीन आठवडे जातात, फुलोरा साधारण अडीच-तीन महिन्यांनी येतो आणि त्यानंतर दाणे भरून पिकायला आणखी महिनाभर तरी हवा. या चार महिन्यांत झाडाच्या दोन वेगवेगळ्या गरजा असतात: वाढीच्या काळात सौम्य हवा आणि सतत ओल, तर पिकण्याच्या काळात कोरडी, उबदार हवा.

तेव्हा आधी आपल्या भागातला धोक्याचा दिवस ठरवावा. जिथे हिवाळ्यात पाणी गोठते तिथे धोका शरदातल्या पहिल्या गोठवणाऱ्या थंडीचा असतो. जिथे हिवाळा सौम्य आणि उन्हाळा कडक असतो तिथे धोका गरम, कोरड्या वाऱ्यांचा असतो. फुलोरा त्यांत सापडला तर दाणे पोचट राहतात. जिथे पावसाळा लांबतो तिथे पिकत आलेले घोस पावसात सापडून काळवंडण्याचा धोका असतो. त्या दिवसापासून १४० दिवस मागे मोजावे. वीस दिवस जास्त धरायचे, कारण हवामान आपल्या हिशेबाने वागत नाही.

कडक हिवाळ्याच्या भागात ही तारीख शेवटची गोठवणारी थंडी सरल्यानंतर लगेचची, म्हणजे वसंतातली निघते. सौम्य हिवाळ्याच्या भागात ती पावसाळी उकाडा संपून दिवसाचे तापमान तिशीच्या खाली उतरू लागते त्या सुमाराची निघते. दोन्हीकडे अंतिम निर्णय मातीने द्यायचा असतो. ५ सेंटिमीटर खोलीवर मातीचे तापमान सकाळी सलग तीन दिवस १५ अंशांच्या वर असेल तर पेरावे. १८ ते २१ अंश असल्यास फारच चांगले. गार मातीत बी आठवडेच्या आठवडे पडून राहते आणि कुजते.

तपासणी: मागे मोजून आलेली तारीख आणि माती तयार होण्याची वेळ यांचा मेळ बसत नसेल, म्हणजे हंगाम लहान पडत असेल, तर उशिरा पेरून दाण्यांची आशा धरू नये. अशा ठिकाणी टप्पा ५ मध्ये दिलेली कागदी नळीची पद्धत वापरावी किंवा केवळ पानांसाठी पीक घ्यावे. कोवळी पाने सहा ते आठ आठवड्यांत खुडता येतात.

टप्पा ४: जागा आणि माती

अनीसला पूर्ण ऊन हवे. दिवसाला सहा तास ही खालची मर्यादा समजावी. खोड बारीक आणि माथ्यावर फुलोऱ्याचे ओझे असल्याने झाड वाऱ्याने लोळते, म्हणून ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूला कुंपण किंवा उंच झाडांची ओळ असावी, मात्र तिची सावली वाफ्यावर पडू नये.

या झाडाला सोटमूळ असते. ते सरळ खाली जाते, बारीक असते आणि एकदा दुखावले की झाड पुन्हा तसे उभारी धरत नाही. सगळी मशागत या एका गोष्टीभोवती फिरते. माती ३० सेंटिमीटर खोल खणावी, ढेकळे फोडावीत, दगड आणि जुन्या मुळ्या वेचून काढाव्यात. हलकी, भुसभुशीत, निचऱ्याची माती उत्तम. मातीचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप) ६ ते ७.५ असावा. चिकण माती असेल तर तिच्यावर १५ ते २० सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा करावा. निचरा तपासण्यासाठी ३० सेंटिमीटर खोल खड्डा करून तो पाण्याने भरावा, पाणी जिरल्यावर पुन्हा भरावा आणि दुसऱ्या वेळी पाण्याची पातळी मोजावी. तासाला दोन-तीन सेंटिमीटरही पाणी उतरत नसेल तर त्या जागी गादीवाफ्याशिवाय पेरू नये.

खत म्हणून पूर्ण कुजलेले कंपोस्ट दोन-तीन सेंटिमीटर जाडीने पसरून वरच्या थरात मिसळणे पुरेसे आहे. ताजे शेणखत किंवा नत्राचे प्रमाण जास्त असलेले खत घालू नये. नत्र जास्त झाले की पाला भरपूर येतो, खोड लुसलुशीत राहून लोळते आणि दाणे कमी धरतात.

मागच्या दोन-तीन वर्षांत जिथे गाजर, कोथिंबीर, शेपू किंवा बडीशेप होती ती जागा टाळावी, कारण या कुळाचे रोग सामाईक आहेत.

यानंतरचे एक काम बहुतेक जण वगळतात, आणि माझ्या मते या टप्प्यातले सर्वांत मोलाचे काम तेच आहे. वाफा तयार झाल्यावर लगेच पेरू नये. त्याला पाणी द्यावे आणि दहा ते चौदा दिवस तसाच सोडावा. वरच्या थरातले तण उगवून येईल. ते खुरप्याच्या धारेने अगदी वरवर खरवडून काढावे, माती पुन्हा उलथू नये. अनीसची रोपे पहिल्या महिन्यात इतकी सावकाश वाढतात की तण त्यांना सहज झाकून टाकते. ही एक खुरपणी आधी झाली तर पुढच्या तीन वाचतात.

कुंडीत लावायचे असेल तर कुंडीची खोली २५ ते ३० सेंटिमीटर हवी. रुंद पण उथळ ट्रे दिसायला सोयीचा वाटतो, परंतु त्यात सोटमूळ तळाला टेकून वळते आणि झाड खुरटते. ३० सेंटिमीटर व्यासाच्या कुंडीत तीन, फार तर चार झाडे ठेवावीत.

टप्पा ५: पेरणी

पेरणीच्या आदल्या रात्री बी साध्या पाण्यात दहा-बारा तास भिजवावे, सकाळी गाळून कापडावर पसरावे आणि दाणे एकमेकांना चिकटणार नाहीत इतपत वरून सुकू द्यावेत. २४ तासांपेक्षा जास्त भिजवू नये.

माती वाफशावर असावी. मूठभर माती दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोटाने टोकरताच तो फुटावा. गोळा होतच नसेल तर आदल्या दिवशी पाणी द्यायला हवे होते; गोळा फुटत नसेल तर एक-दोन दिवस थांबावे.

दोन ओळींत ३० ते ४५ सेंटिमीटर अंतर ठेवून काठीने १ सेंटिमीटर खोल रेघा ओढाव्यात. बियांत पाचपट कोरडी बारीक वाळू मिसळावी, म्हणजे ते चिमटीतून एकसारखे पडते, आणि दोन दाण्यांत साधारण २ ते ३ सेंटिमीटर अंतर राहील असे पेरावे. रेघ मातीने न बुजवता चाळलेल्या कंपोस्टने किंवा वाळूमिश्रित मातीने बुजवावी. तिच्यावर पाण्याने कडक पापुद्रा धरत नाही आणि कोंबाला वर येणे सोपे जाते. तळहाताने किंवा फळीने हलके दाबावे, बारीक छिद्रांच्या झारीने पाणी द्यावे आणि ओळीच्या दोन्ही टोकांना खुंट्या मारून दोरी बांधावी. ही दोरी पुढचे तीन आठवडे आपल्याला ओळ कुठे आहे ते सांगणार आहे.

काही जण ओळ ओळखण्यासाठी मध्ये मुळ्याचे बी टाकतात. अनीसच्या बाबतीत मी ते करू नये असेच सांगेन, कारण मुळा उपटताना शेजारच्या कोवळ्या सोटमुळांभोवतीची माती हलते.

पेरणीतल्या दोन चुका पुन्हा पुन्हा होतात. पहिली खोलीची: बोटाचे पेर बुडेल इतके खोल पेरले की बारीक कोंब वर पोहोचतच नाही. दुसरी पाण्याची: तांब्याने किंवा नळीने पाणी सोडले की हलके बी वाहून वाफ्याच्या एका कोपऱ्यात गोळा होते, आणि मग तिथे झुबका व बाकी वाफा रिकामा अशी स्थिती येते.

वाफ्यावर ओले गोणपाट अंथरल्यास ओल टिकते. सातव्या दिवसापासून ते रोज उचलून खाली पाहावे आणि पहिला कोंब दिसताच, शक्यतो संध्याकाळी, पूर्ण काढून टाकावे. एखादा दिवस जरी उशीर झाला तरी पिवळे, लांबट कोंब गोणपाटात अडकून तुटतात.

हंगाम लहान असल्यास: सुमारे १० सेंटिमीटर उंचीच्या कागदी नळ्या भुसभुशीत मिश्रणाने भराव्यात, प्रत्येकीत तीन दाणे टोकावेत आणि उजेडाच्या, उबदार जागी ठेवाव्यात. दोन खरी पाने आली आणि मूळ तळातून डोकावण्यापूर्वीच नळी जशीच्या तशी वाफ्यात पुरावी. नळीची कड मातीच्या वर राहू देऊ नये. उघडी कड ओल शोषून बाहेर उडवते आणि मुळाभोवतीची माती कोरडी पडते. प्लास्टिकच्या पिशवीतून किंवा सामाईक ट्रेमधून उपटून लावलेले रोप जगले तरी बहुधा खुरटलेलेच राहते.

टप्पा ६: उगवण, ओळख आणि विरळणी

साधारण दहाव्या दिवसापासून तिसऱ्या आठवड्यापर्यंत रोपे मागेपुढे उगवत राहतात. या काळात वरचा १ सेंटिमीटरचा थर एकदाही पूर्ण कोरडा होऊ देऊ नये. गरम दिवशी सकाळ-संध्याकाळ हलकी झारी द्यावी. तीन आठवडे पूर्ण होण्यापूर्वी वाफा मोडू नये.

आता सर्वांत जास्त रोपे आपल्याच हातून मरतात ती वेळ येते. अनीसची पहिली दोन पाने, म्हणजे बीजपत्रे, अरुंद आणि लांबट असतात. त्यांच्यानंतर येणारे पहिले खरे पान मात्र गोलसर, लांब देठाचे आणि दातेरी कडांचे असते. ते शेपूसारखे पिसारलेले नसते. पिसारलेली पाने खोड वर चढू लागल्यावर येतात. तळाची पाने गोलसर व रुंद आणि माथ्याची बारीक चिरलेली, असा एकाच झाडावर दोन प्रकारचा पाला असतो. मी पहिल्या वर्षी ‘शेपूसारखी पाने कुठे आहेत’ असे म्हणत ही गोल पानांची रोपे तण समजून खुरपली होती आणि अर्धी ओळ रिकामी झाल्यावर, हाताला आलेल्या वासामुळे चूक कळली. तेव्हापासून शंका आली की पानाची कड बोटांत चुरडून हुंगायची सवय लावून घेतली आहे. अनीसचा गोडसर वास इवल्याशा पानालाही येतो.

तण हाताने किंवा खुरप्याच्या टोकाने, वरवर काढावे. ओळीजवळ खोल खुरपणी करू नये.

विरळणी दोनदा करावी. रोपे ५ सेंटिमीटरची झाली की दोन रोपांत ८ ते १० सेंटिमीटर अंतर ठेवावे, आणि १५ सेंटिमीटरची झाली की २० सेंटिमीटर. जोडीने उगवलेल्या रोपांपैकी एक ठेवावे. नको असलेले रोप उपटू नये, मातीलगत कात्रीने कापावे. उपटताना शेजारच्या रोपाचे मूळ दुखावते. दुसऱ्या विरळणीत निघालेला पाला टाकून देण्याची गरज नाही, तो कोवळा आणि सुगंधी असतो.

इशारा: ओळीत तूट पडली तर नांग्या भरण्यासाठी दुसरीकडचे रोप खणून आणू नये. पेरणीनंतर चार आठवड्यांच्या आत असाल तर त्या जागी पुन्हा बीच टोकावे. त्यानंतर ती जागा मोकळी सोडावी.

रोपे मातीच्या रेषेशी बारीक होऊन आडवी पडत असतील तर ती रोपमर आहे. कारण बहुधा जास्त ओल आणि दाटी हेच असते. पडलेली रोपे काढावीत, पाणी फक्त सकाळी द्यावे आणि हवा खेळेल एवढे अंतर करावे.

टप्पा ७: फुलोऱ्यापर्यंतची निगा

दुसऱ्या विरळणीनंतर झाड झपाट्याने वाढते आणि काम कमी होते. पाणी कमी वेळा पण खोलवर द्यावे, म्हणजे मूळ खाली जाते. बोट ३ सेंटिमीटर खुपसून माती कोरडी लागली की पाणी द्यायची वेळ झाली. वाळलेल्या गवताचे किंवा पालापाचोळ्याचे पातळ आच्छादन करावे, ते खोडाला भिडवू नये.

कंपोस्ट नीट घातले असेल तर वरखताची गरज पडत नाही. कुंडीतल्या झाडांना मात्र, पाने फिकट दिसू लागल्यास, फुलोऱ्यापूर्वी एकदा सौम्य कंपोस्ट पाणी द्यावे.

झाडे २५ सेंटिमीटरची झाली की बुंध्याशी चार-पाच सेंटिमीटर मातीची भर द्यावी. वाऱ्याची जागा असेल तर ओळीच्या दोन्ही बाजूंना काठ्या रोवून दोरीचे दोन पदर, एक गुडघ्याखाली आणि एक त्याच्या वर, असे आताच बांधावेत. लोळलेले झाड नंतर उभे करायला गेले की खोड पिचते किंवा मूळ तुटते.

टप्पा ८: फुलोरा, मधमाश्या आणि कीड

फुलोऱ्याची मधली छत्री आधी उमलते आणि बाजूच्या फांद्यांवरच्या नंतर. दाणे धरण्यासाठी कीटकांची ये-जा हवी, म्हणून या काळात कोणतेही कीटकनाशक फवारू नये, सेंद्रिय म्हणून विकले जाणारेही नाही. फुलांवर झारीने पाणी पाडू नये, बुंध्याशीच द्यावे. बडीशेप शेजारी असली तर दाणे बिघडतील अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. ही दोन्ही झाडे वेगळ्या प्रजातींची आहेत आणि त्यांचा संकर होत नाही.

मावा कोवळ्या शेंड्यांवर आणि फुलोऱ्याच्या देठांवर बसतो. सुरुवातीला पाण्याच्या बारीक धारेने तो धुऊन निघतो, आणि फार माखलेला शेंडा कापून टाकणे सोपे पडते. पांढरी भुरी किंवा तांबेऱ्याचे तपकिरी फोड दिसल्यास ती पाने लगेच काढून बागेबाहेर टाकावीत, कंपोस्टमध्ये घालू नयेत.

टप्पा ९: पाणी तोडणे आणि काढणी

मधल्या छत्रीतले दाणे फुगून टणक लागू लागले की पाण्याच्या पाळ्यांतले अंतर वाढवावे आणि रंग हिरव्याचा राखाडी होऊ लागला की पाणी बंद करावे. पाने खालून पिवळी पडू लागतात, तेव्हा झाड मरते आहे असे वाटून पुन्हा पाणी देण्याची चूक अनेकांकडून होते. झाड आपला क्रम पूर्ण करत असते. या वेळी दिलेल्या पाण्याने दाण्यांची प्रत घसरते आणि बुरशी धरते.

सगळे घोस एकदम पिकत नाहीत. सर्व पिकण्याची वाट पाहिली तर आधी पिकलेले दाणे झडून जातात, आणि सगळे एकदम कापले तर निम्मे कच्चे निघतात. म्हणून काढणी दोन-तीन वेळा करावी. दाणे राखाडी-हिरवे, टोकाला तपकिरी आणि नखाने दाबल्यावर टणक लागले की तो घोस काढणीला आला. तो सकाळी, दव उडून गेल्यावर पण ऊन चढण्यापूर्वी कापावा. भर दुपारी कापताना नुसत्या हिसक्यानेही दाणे खाली पडतात. एका हाताने घोसाखाली कागदी पिशवी धरावी, दुसऱ्याने वीतभर देठासह कापावे आणि घोस थेट पिशवीतच सोडावा.

तपासणी: तीन-चार दिवस पावसाचा अंदाज असेल तर थोडे कच्चे वाटणारे घोसही कापून आणावेत. देठासह कापलेला घोस टांगल्यावर बऱ्याच अंशी पिकतो. भिजलेला घोस मात्र सुधारत नाही.

टप्पा १०: वाळवण, मळणी आणि साठवण

पाच-सहा घोसांची जुडी बांधून ती उलटी, भोके पाडलेल्या कागदी पिशवीत तोंड घालून, हवेशीर सावलीत टांगावी. प्लास्टिकची पिशवी वापरू नये, आतल्या दमटपणाने बुरशी येते. कडक उन्हात वाळवू नये, सुगंधी तेल उडून जाते. सात ते दहा दिवसांत देठ वाकवताच मोडू लागले की घोस दोन तळहातांत हलके चोळावेत. जोर केला तर दाणे दुभंगतात आणि वास लवकर जातो. मग सुपात घेऊन पाखडावे. बारीक देठ पूर्ण निघेपर्यंत तीन-चार वेळा.

पाखडलेले दाणे ताटात एका थरात पसरून आणखी तीन-चार दिवस सावलीत ठेवावेत. पुरेसे वाळले की नाही हे पाहण्यासाठी चमचाभर दाणे काचेच्या बरणीत झाकण लावून रात्रभर ठेवावेत. सकाळी काचेच्या आत दमटपणा दिसला तर वाळवण पुढे चालू ठेवावी. दाणे घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधाऱ्या आणि थंड जागी, अख्खेच ठेवावेत. चौरस मीटरभर वाफ्याचे दाणे ग्रॅममध्येच मोजावे लागतात, तेव्हा बरणी लहान घ्यावी. रिकामी जागा जास्त राहिली तर सुगंध लवकर कमी होतो.

पुढच्या पेरणीचे बी वेगळे काढावे. ते सर्वांत निरोगी, न लोळलेल्या झाडांच्या मधल्या छत्रीतले असावे आणि पूर्ण पिकल्यावरच काढलेले असावे. ते बरणीत न ठेवता कागदी पाकिटात भरावे, पाकीट कोरड्या जागी ठेवावे आणि त्यावर दोन तारखा लिहाव्यात: बी काढल्याची, आणि पुढच्या हंगामात उगवणीची चाचणी सुरू करायची.